नवीन लावलेल्या स्प्रूस-पाइनच्या सुया गळतायत, कारण कसं शोधायचं?

अंगणओटा | २६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या कुंपणालगत नऊ झाडं लावून घेतली: सहा नॉर्वे स्प्रूस आणि तीन व्हाइट पाइन, दोन्ही सुईसारख्या पानांची सदाहरित झाडं. सगळी साधारण सहा फुटी. मुळांचा गोळा गोणपाटात बांधलेला, त्यावर तारेची जाळी. खड्डे खणण्यापासून माती लोटण्यापर्यंत सगळं काम एका कंत्राटदाराकडे दिलं होतं.

तेव्हा माझे वडील साताऱ्याहून आले होते. आप्पांचा सगळा जन्म शेतीत गेला. इथे त्यांना करमेना, पण ही झाडं आली आणि त्यांना काम मिळालं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन रांगेतून एक फेरी व्हायची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते परत गेले आणि पंधरा दिवसांत सुया गळायला लागल्या. आता व्हिडिओ कॉलवर रोज "झाडं दाखव" म्हणतात. मी फोन चांगल्या झाडांकडे धरतो, आणि ते मला बरं वाटत नाही.

लक्षणं अशी: तिन्ही पाइनच्या आतल्या सुया पिवळ्या होऊन पडतायत, खाली थर साचलाय. स्प्रूस रस्त्याच्या बाजूने मोजले तर १, २, ३ ठीक वाटतात. ४ नंबर मलूल आहे. ५ आणि ६ म्हणजे कुंपणाच्या खालच्या टोकाकडचे. त्यांचा हिरवा रंग राखाडी झालाय आणि फांदीवरून हात फिरवला की मूठभर सुया हातात येतात.

पाणी रोज सकाळी स्प्रिंकलरने १५ मिनिटं. शेजारी म्हणतात खत घाला. दुकानात एकाने बुरशीनाशकाची बाटली हातात दिली, ती आणून ठेवलीय, अजून उघडलेली नाही. काय करू?

रानजाई | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

बाटली उघडली नाहीत हे फार चांगलं केलंत. खतही नको. चार दिवस फक्त बघायचं काम करा.

मी ओहायोत आहे. गेली काही वर्षं इथल्या विद्यापीठाच्या विस्तार केंद्रात स्वयंसेवक म्हणून लोकांच्या झाडांच्या तक्रारी ऐकते. दर ऑक्टोबरला सगळ्यात जास्त फोन व्हाइट पाइनचे येतात, आणि त्यातले बहुतेक निरोगी झाडांचे असतात. सदाहरित झाड सुया कधीच गाळत नाही असं आपल्याला वाटतं. पण प्रत्येक सुईला वय असतं. व्हाइट पाइनची सुई दोन, फार तर तीन वर्षं टिकते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जुन्या सुया एकदम पिवळ्या पडून गळतात. स्प्रूसची सुई पाच ते सात वर्षं टिकते, त्यामुळे तिथे ही गळ थोडी थोडी होते, डोळ्यांत भरत नाही. म्हणून पाइनखाली थर साचला तर मी घाबरत नाही, स्प्रूसखाली साचला तर लगेच जाऊन बघते.

आता फांदी वाचायची कशी ते सांगते. टोकापासून मागे या. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंतची वाढ या वर्षीची, तिथून पुढच्या गाठीपर्यंतची गेल्या वर्षीची. गळतायत त्या सुया कोणत्या वर्षाच्या? फक्त आतल्या जुन्या गळतायत की टोकाच्या नव्यासुद्धा? गळ खालच्या फांद्यांवर आहे की वरपासून? झाडाच्या एकाच अंगाला आहे की चारी बाजूंनी? एवढं कळलं तर अर्धं निदान झालं.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. सूचिपर्णी झाड दुखणं फार उशिरा दाखवतं. नाताळसाठी तोडलेलं झाड मुळं नसताना महिनाभर हिरवं दिसतंच ना? ऑक्टोबरात जे दिसतंय ते बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये घडून गेलंय. त्यामुळे मागच्या पंधरा दिवसांत काय बदललं हे शोधू नका, उन्हाळ्यात काय झालं ते आठवा.

देवदारछाया | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

रानजाईताईंच्या म्हणण्याला दुजोरा. यजमानांच्या फौजेतल्या नोकरीमुळे रानीखेतला चार वर्षं काढली. तिथे चीड, म्हणजे हिमालयातला पाइन, उन्हाळ्यात सुया गाळतो, एप्रिलपासून जंगलात पायाखाली घसरायला होतं. त्या गळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात. हाच वाळका पिरूल पेटला की वणवा लागतो. पहिल्या वर्षी मी घाबरून माळीबाबांना विचारलं होतं, झाडं मेली का? ते म्हणाले, शेंड्याकडे बघा. शेंडा हिरवागार होता.

तुमच्या पाइनचे शेंडे कसे आहेत?

कुंडीतली_बाग | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

माझ्याकडे पुण्यात बाल्कनीत अरोकेरिया आहे, नाताळला सजवतो तो. तोही खालून वाळत होता. एप्सम सॉल्टचं पाणी घातलं, नंतर नवीन फुटवा आला. पिवळेपणा म्हणजे मॅग्नेशियम कमी असं वाचलं होतं. करून बघायला हरकत नसावी.

रानजाई | २७ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

@कुंडीतली_बाग, तुमचा अरोकेरिया सुधारला याचा आनंद आहे. कुंडीतल्या मातीतलं मीठ-खनिज पाण्याबरोबर वाहून जातं, तिथे कमतरता होऊ शकते. पण जमिनीत नव्याने लावलेल्या झाडाचं दुखणं वेगळं. नर्सरीच्या शेतातून झाड उपटताना त्याची बहुतेक मुळं तिथेच राहतात. नव्वद टक्क्यांहून जास्तही. वरचा पसारा तेवढाच आणि खाली मूठभर मुळं. अशा झाडाला खत किंवा कुठलंही मीठ घालणं म्हणजे उपाशी-तहानलेल्या माणसाला खारं पाणी देणं. पहिल्या वर्षी खत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते. मातीची तपासणी करून कमतरता दिसली तर गोष्ट निराळी.

द्राक्षबाग | २७ ऑक्टोबर, दुपारी १:५०

नमस्कार. मी निफाडचा. स्प्रूस कधी पाहिला नाही, पण "रंग राखाडी झाला, पान मलूल दिसतं" ऐकलं की आम्ही पहिल्यांदा लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, बघतो. आमच्याकडे द्राक्षाच्या पानामागे असतो. तुमच्या झाडावर असतो का ते जाणकार सांगतील, पण बघायची पद्धत सोपी आहे. पांढरा कोरा कागद फांदीखाली धरायचा, फांदी दोनतीनदा कागदावर आपटायची आणि कागद मिनिटभर स्थिर ठेवायचा. मिरपुडीसारखे कण पडतात. त्यातले जे चालायला लागतात ते कोळी. कण चाललेच नाहीत तर ती धूळ.

एक अनुभव सांगतो. आधी मोजायचं, मग फवारायचं. एका वर्षी न मोजता फवारलं, तर कोळी खाणारे मित्रकीटक मेले आणि महिन्याभरात कोळी दुप्पट झाला.

रानजाई | २७ ऑक्टोबर, दुपारी २:३०

@द्राक्षबाग, अगदी बरोबर. स्प्रूसवरही कोळी असतो आणि त्याची चाचणी हीच. फरक इतकाच की तुमचा कोळी उन्हाळ्यात माजतो, हा थंडाव्याचा आहे. वसंतात आणि शरदात वाढतो, कडक उन्हाळ्यात अंड्यात दडून बसतो. म्हणजे आत्ता ऑक्टोबरात बघायला वेळ योग्य आहे. कागदावर फार वेगाने पळणारे दिसले तर ते बहुधा कोळ्यांना खाणारे कोळी, त्यांना हात लावू नये.

@अंगणओटा, कागदाबरोबर एक भिंगही घ्या. स्प्रूसच्या सुईवर बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असतात, ती तिची श्वासाची छिद्रं. ठिपके पांढरे असतील तर छान. त्याच रांगांमध्ये बारीक काळे गोल ठिपके असतील तर ऱ्हायझोस्फेरा नावाची बुरशी. ती खालच्या फांद्यांपासून वर चढते, गेल्या वर्षीच्या सुया जांभळट तपकिरी करून पाडते आणि टोकाच्या या वर्षीच्या सुया हिरव्या ठेवते.

मॅपलगल्ली | २८ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

हीच बुरशी आमच्या ब्लू स्प्रूसवर आली होती, म्हणून लिहिते. आम्ही टोरांटोच्या बाहेर राहतो. खालच्या फांद्या उघड्या पडल्या तसे आम्ही जुलैपासून तीनदा फवारे मारून घेतले. पैसे गेले, गुण शून्य. नंतर समजलं की फवारा वसंतातल्या कोवळ्या फुटव्याला वाचवण्यासाठी असतो. नवीन सुया अर्ध्या लांबीच्या झाल्या की पहिला आणि तीनचार आठवड्यांनी दुसरा. जुलैत लागण होऊन गेलेली असते. मुळात ब्लू स्प्रूस रॉकी पर्वतातल्या कोरड्या हवेचं झाड, आमच्या दमट उन्हाळ्यात त्याला ही बुरशी गाठतेच. आज असतं तर मी ते झाड लावलंच नसतं.

दुसरं, मार्च-एप्रिलमध्ये सुया टोकाकडून तपकिरी झाल्या आणि त्याही फक्त रस्त्याच्या बाजूने, तर कारण बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ. फक्त वाऱ्याच्या किंवा उन्हाच्या बाजूने, तर हिवाळ्यातली सुकण. जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी उचलता येत नाही आणि वरून ऊन-वारा सुईतलं पाणी ओढत राहतो. तुमचं ऑक्टोबरचं आहे म्हणून यातलं काही नसावं. पण पुढच्या मार्चसाठी लक्षात ठेवा.

अंगणओटा | २९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं बघितलं.

पाइन: गळतायत त्या फक्त आतल्या, जुन्या. या वर्षीची वाढ पूर्ण हिरवी, पाच-पाच सुयांचे झुपके घट्ट. तिन्ही झाडांवर अगदी सारखं. म्हणजे ते ठीक आहेत असं समजतो.

स्प्रूस ४: गळ आतल्या सुयांची जास्त, पण शेंड्याकडच्या फांद्याही मलूल. चारी बाजूंनी.
५ आणि ६: नव्या-जुन्या सगळ्याच सुया, वरपासून खालपर्यंत. ६ ची डहाळी रिकामी झालीय, हाताला कानशीसारखी खरखरीत लागते.

कागद: ४ वर दोन चालणारे कण, ५ वर एक, ६ वर काहीच नाही. भिंगातून तिन्ही झाडांवर पांढरेच ठिपके. काळे एकही नाहीत. मुलगी नववीत आहे, तिने तिच्या भिंगातून पुन्हा मोजून खात्री केली.

रानजाई | २९ ऑक्टोबर, रात्री १०:००

उत्तम काम केलंत. दोन कण म्हणजे काहीच नाही. बुरशी नाही. गळ एका बाजूला नाही. नव्या सुयाही पडतायत. याचा अर्थ दुखणं फांदीत नाही, मातीखाली आहे. खरखरीत डहाळीची काळजी नको, स्प्रूसची सुई लाकडाच्या छोट्या खुंटीवर बसलेली असते. सुई पडली की खुंटी मागे राहते.

आता शनिवारी हाताने उकरा. फावडं नको. तीन ठिकाणी: एक चांगलं झाड, ४ आणि ६. बुंध्याला लागून, मुळांच्या गोळ्यात, आणि गोळ्याच्या बाहेर हातभर अंतरावर. उकरण्याआधी आणि उकरताना फोटो काढा. कंत्राटदार वर्षभराची हमी देतात बऱ्याचदा, तुमचा कागद काढून वाचा.

अंगणओटा | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

आज सकाळी उकरलं. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो.

आधी १ नंबर. आच्छादन बाजूला केलं, तीन बोटं माती काढली आणि बुंधा खाली रुंदावत मुळांत शिरतो ती जागा दिसली. माती ओलसर, भुसभुशीत. गोणपाट कुजून फाटलेलं आणि त्यातून बाहेर आलेली पांढरी बारीक मुळं. इतकं बरं वाटलं ते बघून.

मग ४. इथे बुंध्याभोवती सालीच्या आच्छादनाचा सहा इंचांचा ढीग, वारुळासारखा. तो काढला तर बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ मातीत गेलेला. उकरत गेलो. पाच इंच खाली गेल्यावर पहिलं जाडसर मूळ लागलं. त्याच्या वर बुंध्याला केशरी नायलॉनची दोरी, तीन वेढे, सालीत रुतलेली. गोणपाट हिरवट आणि नव्यासारखं. धागा काढून पेटवला तर राख झाली नाही, वितळून मणी झाला. म्हणजे प्लास्टिक. आणि गोळ्याच्या आतली माती कोरडी ठणठणीत. लांब स्क्रू-ड्रायव्हर दोन इंचांपुढे जाईना. त्याच्या बाहेर हातभर अंतरावर माती ओली, हाताला चिकटणारी. रोज १५ मिनिटं पाणी घालत होतो आणि झाड आत तहानलेलं होतं.

६ नंबरला फूटभर खाली गेलो आणि खड्ड्यात बाजूने पाणी पाझरून साचायला लागलं. वास आला, तुंबलेल्या गटारासारखा आंबूस. मुळं काळपट. एक चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात आली आणि मागे दोऱ्यासारखी आतली शीर राहिली. ५ ला तोच वास, पण कमी. वरच्या चार इंचांत थोडी पांढरी मुळं आहेत. मग वर बघितलं. छपराच्या पन्हळीचा पाइप जमिनीखालून नेमका ६ नंबरच्या मागे उघडतो. पाच महिने दिसत होता, लक्षात आलं नव्हतं.

आमची माती रंगाने कोकणातल्यासारखी लालसर, पण वागते काळ्या मातीसारखी. ओली झाली की चिकट, वाळली की दगड.

हे सगळं झाल्यावर आप्पांना फोन लावला आणि या वेळी ४, ५, ६ दाखवले. रागावले नाहीत. म्हणाले, "पाणी घातलंस ते खरं, पण वाफसा बघितलास का?" मग थोड्या वेळाने म्हणाले, मी असताना सहाव्या झाडाखाली चिखल बघितला होता. परका मुलूख, इथली झाडं अशीच राहत असतील, म्हणून बोललो नाही.

द्राक्षबाग | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

काका बरोबर बोलले. मुळाला पाणी लागतं तशी हवा लागते. मातीत दोन्ही असणं म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकला तर फुटावा. गोळा झालाच नाही तर पाणी द्या, फुटलाच नाही तर पाणी थांबवा. आणि काकांना कळवा, दुसऱ्या मुलखातही त्यांनी बोलायला हवं होतं. त्यांची नजर बरोबर होती.

रानजाई | २ नोव्हेंबर, रात्री ९:२०

एका रांगेत तीन प्रकार: पाइनचं नेहमीचं गळणं, ४ ला तहान, ५-६ ला बुडणं. म्हणून सगळ्या झाडांना एकच औषध देणं किती घातक ठरलं असतं ते बघा. ४ ला जास्त पाणी हवं होतं आणि तेच पाणी ६ ला मारत होतं. वरून लक्षणं जवळपास सारखी, कारण कुजलेलं मूळही पाणी उचलत नाही. सुईच्या दृष्टीने दोन्हीकडे दुष्काळच.

गोळा कोरडा का राहिला? नर्सरीच्या शेतातली माती आणि तुमची चिकणमाती वेगळी. दोन जातींच्या मातीच्या सीमेवर पाणी सहज ओलांडून जात नाही. त्यात पहिल्या उन्हाळ्यात झाडाची जवळजवळ सगळी मुळं त्या गोळ्यातच असतात, आतला ओलावा भराभर संपतो. स्प्रिंकलरचं १५ मिनिटांचं पाणी वरचा इंचभर थर आणि गवत पिऊन टाकतं.

आता काय करायचं.

४: नायलॉनची दोरी आजच कापा, कुठेही राहू देऊ नका. प्लास्टिकचं गोणपाट शक्य तेवढं, निदान वरचा अर्धा भाग आणि बाजूचं, कापून काढा. तारेची जाळी वरून तिसरा हिस्सा तरी कापा. गोळा फुटू देऊ नका, खालचं निघत नसेल तर राहू द्या. बुंध्यावर आलेली माती हलक्या हाताने ओढून घ्या, पहिलं मूळ दिसलं पाहिजे. पाणी पाइपने, बारीक धार, थेट गोळ्यावर. तुमचा बुंधा दोनेक इंच जाड असेल. आठवड्याला १० ते १५ गॅलन, दोनतीन वेळा विभागून, पण प्रत्येक वेळी आधी माती बघून. जमीन गोठेपर्यंत हे चालू ठेवा. आच्छादन दोनतीन इंच, बुंध्यापासून चार बोटं लांब.

५: पांढरी मुळं आहेत म्हणजे आशा आहे. हे झाड उचलून उंच बसवायला हवं, गोळ्याचा वरचा तिसरा हिस्सा जमिनीच्या वर राहील असं, आणि भोवती उताराने माती. पण त्याआधी पन्हळीचा पाइप दुसरीकडे वळवा. ते केलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

६: नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं-ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी-कोरडं असेल तर गेलं. बुंध्याशी करा, फक्त टोकाशी नको.

आणि निचऱ्याची चाचणी. ६ जवळ एक फूट खोल खड्डा, एकदा भरून मुरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभरही उतरलं नाही तर तिथे स्प्रूस नाही.

कुंडीतली_बाग | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

हे वाचून मी काल अरोकेरियाची कुंडी उलटी केली. नर्सरीची काळी पिशवी आतमध्ये तशीच होती, मुळं गोल गोल फिरलेली! पिशवी कापली, कुंडी बदलली. धन्यवाद रानजाईताई.

अंगणओटा | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

प्रगती कळवतो. निचऱ्याची चाचणी: रात्री आठला दुसऱ्यांदा भरलेला खड्डा सकाळी सातला अर्धाच उतरला होता. ६ ची साल बुंध्यापर्यंत तपकिरी. गेलं. कंत्राटदाराला फोटो पाठवले. दोरी, प्लास्टिकचं गोणपाट आणि पाच इंच खोल बुंधा हे तिन्ही फोटो मोजपट्टी ठेवून काढले होते, त्यामुळे वाद झाला नाही. त्यांनी माणसं पाठवून ५ उंच बसवून दिलं आणि ६ च्या जागी वसंतात दुसरं झाड द्यायचं कबूल केलं. १, २, ३ च्याही दोऱ्या तपासल्या. २ ला नायलॉन होतं, कापलं. पन्हळीचा पाइप बाजूच्या उतारावर वळवलाय.

४ चा गोळा भिजायला आठ दिवस लागले. पहिले दोन दिवस पाणी वरून घसरून बाजूलाच जायचं. पाइपची धार पेन्सिलीएवढी बारीक केली आणि दोन-दोन तास ठेवली, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर आत गेला.

गळून रिकाम्या झालेल्या डहाळ्यांवर परत सुया येतील का?

रानजाई | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

नाही. स्प्रूसच्या उघड्या पडलेल्या जुन्या लाकडावर सुया परत येत नाहीत. नवीन वाढ फक्त जिवंत कळ्यांमधून. टोकाची कळी बोटात धरून हलकेच वाकवा. लवली तर जिवंत, कुरकुरीत तुटली तर मेलेली. आता वसंतापर्यंत थांबायचं. आणि धीर धरा, उपटून लावलेलं झाड पूर्ण सावरायला बुंध्याच्या प्रत्येक इंचामागे साधारण एक वर्ष घेतं.

६ च्या जागेसाठी ओल सहन करणारं झाड निवडा. अटलांटिक व्हाइट सीडर बघा. दक्षिण न्यू जर्सीतल्या दलदलीतलं मूळचं झाड, सदाहरित. हरणं खातात, जाळी लावावी लागेल.

मॅपलगल्ली | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

हिवाळ्यात ५ ला वाऱ्याच्या बाजूने गोणपाटाचा आडोसा करा. झाडाला गुंडाळू नका, खुंट्या ठोकून पडद्यासारखा. आमच्याकडे त्याने फरक पडला.

अंगणओटा | ७ मे, सकाळी ८:१०

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. मार्चमध्ये ४ च्या आणखी थोड्या सुया पडल्या. ५ तसंच राखाडी उभं होतं. आडोसा केला होता, आठवड्यातून एकदा माती बघत होतो. एप्रिलमध्ये १, २, ३ वर कळ्या फुगल्या, ४ वर दहा दिवस उशिरा. ५ वर काहीच नाही.

आज सकाळी गेलो तर ५ च्या शेंड्याकडच्या कळ्या उघडायला लागल्यात. प्रत्येक कळीवर तपकिरी पातळ कागदासारखी टोपी असते. आतला फुटवा तिला वर उचलतो, आणि बोट लावलं की ती पडते. खाली पोपटी सुयांचा एवढासा ब्रश, इतका मऊ की या झाडाचं पान टोचतं हे खरं वाटू नये. मोजल्या: वरच्या अर्ध्या भागात एकवीस कळ्या जिवंत. खालच्या अर्ध्यात एकही नाही.

६ च्या जागी व्हाइट सीडर आलाय, जाळीसकट. लावताना मी शेजारी उभा होतो. दोरी, गोणपाट, बुंध्याची जागा, तिन्ही बघितल्याशिवाय माती लोटू दिली नाही.

आप्पांना फोन लावला, तिकडे संध्याकाळ होती. त्यांनी आधी पाचवं झाडच दाखवायला सांगितलं. टोपी पडताना त्यांना दिसावी म्हणून फोन अगदी जवळ धरला. मग म्हणाले, आता माती दाखव. मूठ दाबून दाखवली, बोटाने टोकली, फुटली.

५ च्या खालच्या फांद्या वाळल्यात, कापून टाकू का?

रानजाई | ७ मे, सकाळी ९:००

एकवीस! किती छान बातमी दिलीत. खालच्या फांद्या आत्ता कापू नका, जूनच्या मध्यापर्यंत थांबा. उशिरा जागणाऱ्या कळ्या असतात. तोवर फुटल्या नाहीत तर बुंध्याशी जिथे फुगीर कडं आहे त्याच्या बाहेरून कापा. आणि आच्छादन पुन्हा वर सरकलं नाही ना ते बघत राहा, पावसाने सरकतं.

अंगणओटा | ७ मे, सकाळी ९:२५

ठीक आहे, जूनपर्यंत कात्री लावत नाही. आच्छादन आत्ताच बघून येतो.